सहज कुणी नांग्या कुटत नाही

लता वहिनी, मी निघाले त्या सकाळी आबांनी घोड नदीत उतरून खेकडे धरून आणले होते आणि मी ते खाल्ले नाहीत. तुम्हाला आठवत असेल, तुमच्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. नव्व्याण्णव साल. दारात जीप उभी, आमच्या बॅगा टपावर बांधलेल्या, इनामगावची अर्धी वस्ती अंगणात. आईनं ताट पुढं केलं. बाजरीची भाकरी, रस्सा आणि दोन मोठे आख्खे खेकडे. मी म्हणाले, "नगं आई, हाताला वास ऱ्हातो. इमानात लोक नाकं मुरडतील." आईनं ताट उचललं आणि आत नेलं. जीप सुरू झाल्यावर खिडकीशी येऊन एवढंच म्हणाली, "पोचलीस की आधी कायतरी खा. उपाशीपोटी फोन करू नको, रडू येतं."

वासाची भीती मी शिरूरच्या शाळेतून आणली होती. आठवीत माझ्या बाकावरची मुलगी एकदा नाकाला रुमाल लावून उठली आणि पुढच्या बाकावर जाऊन बसली. तेव्हापासून मी राखेनं, लिंबाच्या सालीनं हात घासत आले. खेकडे नसते खाल्ले तरी ती उठलीच असती, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

आज हे सगळं उकरून काढायचं कारण वेगळं आहे. आईच्या यंदाच्या स्मृतिदिनी, पुण्यानुमोदनाला, चारचौघांत दादा तुम्हाला बोलला, असं कानावर आलं. "मंदाला का कळवलं न्हाई? आईचं तोंड तरी बघितलं असतं तिनं," म्हणाला, आणि तुम्ही मान खाली घालून ऐकून घेतलंत. वहिनी, ती मान माझी खाली जायला हवी होती. ते सांगायचं तर मला टेक्सासमधल्या एका मोटेलच्या बाथरूमपासून सुरुवात करावी लागेल. तिथलं मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

तुम्हाला आमचा फोटो माहीत आहे, फ्लॅटसमोर गाडीला टेकून काढलेला. आई तो शेजारणींना दाखवायची. त्या फ्लॅटमध्ये आम्ही तीन वर्षंसुद्धा राहिलो नाही. ह्यांचा प्लांट बंद पडला. एके दिवशी सकाळी कामाला गेले ते दुपारी पुठ्ठ्याचं खोकं घेऊन परत आले. त्यात चहाचा मग, मापं घ्यायचा कॅलिपर आणि ह्यांच्या गावच्या, खुटबावच्या सत्कारात मिळालेली, आठवण म्हणून टेबलावर ठेवलेली छोटी ट्रॉफी. व्हिसा नोकरीला बांधलेला, नोकरी गेली की पायाखालची जमीनही गेली. फ्लॅट सोडला आणि हायवेला लागून असलेल्या, आठवड्याच्या भाड्यानं मिळणाऱ्या एका मोटेलात आलो. एक खोली, एक खाट, एक बाथरूम. गॅस नाही, शेगडी नाही. खोलीत स्वयंपाक केल्यास बाहेर काढू, अशी पाटी दारामागे लावलेली होती.

परत का आलो नाही, असं तुम्ही विचाराल. मीही ह्यांना एकदाच विचारलं. हे म्हणाले, "खुटबावात कोणत्या तोंडानं जाऊ?" ह्यांना निरोप द्यायला गावानं मांडव घातला होता. रेल्वेत गँगमन असलेल्या माणसाचा मुलगा अमेरिकेला चालला म्हणून शाळेतली पोरं रांगेत उभी केली होती. सासरे त्या दिवशी नवीन टोपी घालून पहिल्या रांगेत बसले होते. ती टोपी ह्यांच्या डोक्यात बसली होती, काही केल्या निघत नव्हती.

पहिले काही दिवस हे अर्ज करत होते. मग अर्ज थांबले. मग दाढी थांबली. मग बोलणं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. ब्रेड पुढं केला तर एक तुकडा मोडून बाजूला ठेवायचे. वहिनी, मी घाबरले होते. भूक आणि थंडीची भीती वेगळी असते, ती सांगता येते. ही सांगता येत नव्हती. मी ह्यांना पाच मिनिटंसुद्धा एकटं सोडत नव्हते. अंघोळीला गेले तरी दार उघडं ठेवायचे.

त्या मोटेलात खोल्या साफ करायला एक वयस्कर काळी बाई यायची. डोरा तिचं नाव, मी मनात तिला मावशी म्हणायचे. चादर बदलायला आली की तिला हे तसेच पडलेले दिसायचे. ह्यांचं बोलणं थांबल्याच्या आठव्या दिवशी तिनं मला बाहेर घेतलं आणि विचारलं, तो जेवतो का? मी नाही म्हणून मान हलवली. तिनं विचारलं, त्याला काय आवडतं? मला एकदम इंग्रजी सुचेना. मी दोन्ही हातांची बोटं चिमट्यासारखी उघडझाप करून दाखवली. ती जोरात हसली. त्या महिन्यात मी पहिल्यांदा कुणाला हसताना पाहत होते.

दुसऱ्या दिवशी ती स्वतःचा स्लो कुकर घेऊन आली. विजेवर मंद मंद शिजवणारं चिनीमातीचं जड भांडं. एका थैलीत तिच्या भावानं खाडीत धरलेले खेकडे, थोडी कोळंबी, बटाटे, मक्याची कणसं आणि लाल मसाल्याची पुडी. ह्याला ते सीफूड बॉइल म्हणतात. तिच्या माहेरी लग्नकार्यात मोठ्या पातेल्यात उकडून, टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर ओततात आणि सगळे हातानं खातात. हे ऐकून मला हसावं की रडावं कळेना. आमच्या अंगणातही आबा पेपर पसरायचे, त्यावर टरफलांचा ढीग व्हायचा. फरक इतकाच, की तिनं ते मान ताठ करून सांगितलं. "बाथरूममध्ये लाव, पंखा चालू ठेव," ती म्हणाली, "मॅनेजर आला तर मी बघते."

पण नुसत्या उकडलेल्या खेकड्यांनी ह्यांचं काही होणार नाही, असं माझ्या मनानं घेतलं. मला लहानपणी टायफॉइड झाला होता, तेव्हा आईनं जो रस्सा पाजला होता तो मला हवा होता. तो कसा करायचा हे नक्की आठवत नव्हतं. डोराला ह्यांच्यापाशी बसवून मी रस्त्यापलीकडच्या फोन बूथवर गेले, फोनचं कार्ड घासलं आणि आपल्या वस्तीजवळच्या किराणा दुकानात फोन लावला. तिकडं संध्याकाळ होती. दुकानदारानं आईला हाक मारून आणलं.

आई फोनमध्ये नेहमीसारखी ओरडूनच बोलली. "बरं हाय ना समदं?"

"बरं हाय. आई, त्यो नांग्याचा रस्सा कसा करायचा?"

आईनं दुकानदाराला रेडिओ बारीक करायला लावला.

"कोन आजारी हाय?"

"कुनी न्हाई. सहज इचारलं."

"सहज कुनी नांग्या कुटत न्हाई, मंदे."

आपल्या घरात एरवी खेकडे आख्खेच शिजतात, ज्याचे त्यानं फोडून खायचे. नांग्या आणि बारीक पाय कुटून, पाणी घालून, फडक्यातून गाळून रस्सा करायचा तो फक्त त्याच्यासाठी, ज्याच्या हातात फोडायचीसुद्धा ताकद उरलेली नाही. मी कृती विचारली आणि त्या कृतीतच सगळं सांगून बसले. आईनं पुढं एक शब्द विचारला नाही. लसूण किती, आलं किती, खोबरं भाजून घे, नांग्या बारीक कूट, कच येऊ देऊ नको, दोनदा गाळ. आणि शेवटी आवाज खाली करून म्हणाली, "सारखं झाकन उघडू नको. आन् त्येच्यापाशी बस." मी ह्यांचं नावही काढलं नव्हतं.

खलबत्ता कुठून आणणार? नांग्या मोटेलच्या टॉवेलात गुंडाळल्या आणि बाथरूमच्या फरशीवर इस्त्रीनं ठेचल्या. पलीकडच्या खोलीतून कुणीतरी भिंतीवर थापा मारल्या. मी थांबले नाही. गाळलेलं पाणी कुकरात ओतलं, खाली बटाटे, कांदा, लसूण, डोराची पुडी आणि आईनं पाठवलेल्या काळ्या मसाल्याचा डबा खरवडून निघालं तेवढं. दाराच्या फटीत टॉवेल कोंबला. चुलीवर तासाभरात झालं असतं. त्या भांड्याला दिवस लागतो. दुपारी खेकडे आणि कणसं टाकली, सगळ्यात शेवटी कोळंबी. मधल्या वेळात करायला काही नव्हतं, म्हणून आईनं सांगितलं तसं ह्यांच्यापाशी बसले. ह्यांचे पाय मांडीवर घेऊन बसून राहिले. मनात सारखं एकच, हे जर आज जेवले नाहीत तर उद्या मी काय करू?

वास दाराच्या फटीतून आलाच. ज्या वासासाठी मी आयुष्यभर हात घासले, त्याच्यासाठी मी त्या दिवशी नाक वर करून बसले होते. बाथरूममधल्या काचेच्या ग्लासात रस्सा भरून ह्यांच्यापुढं धरला. हे उठून बसले. दोन घोट घेतले, थांबले, मग उरलेला ग्लास एका दमात संपवला. मी घाईनं खाटेवर पेपर पसरला आणि कुकरातलं बाकीचं त्यावर काढलं. हे एक कणीस उचलून म्हणाले, "कणसाचं काय काम ह्यात?"

नऊ दिवसांनी बोलले होते. मग हे रडले, मीही रडले. "घरी सांगू नको," म्हणाले. मी म्हणाले, नाही सांगत. एका रश्श्यानं माणूस बरा होत नाही. पुढं महिने गेले, औषधं झाली, एका छोट्या वर्कशॉपमध्ये काम मिळालं, पण उठून बसले ते त्या दिवशी. आईनं नंतर एकदाही विचारलं नाही. फक्त प्रत्येक फोनला आधी, "दोघंबी जेवलाव का?" त्यातल्या "दोघंबी"वर तिचा जोर असायचा.

आता तुमच्या फोनचं सांगते. दोन हजार सहा. तुमच्या हातात नवा मोबाइल होता, मधेच आवाज तुटत होता. तुम्ही इकडचं तिकडचं बोललात आणि मग म्हणालात, "वन्सं, आत्या नांग्या कुटून रस्सा करायच्या, त्यो कसा वो?"

सासूला आत्या म्हणायची आपली रीत. पण ज्या आत्यांना विचारायचं त्या चार पावलांवर असताना तुम्ही मला सातासमुद्रापार विचारत होतात. मी हातातला चमचा खाली ठेवला.

"कोन आजारी हाय वहिनी?"

"कुनी न्हाई. सहज. आबा दोन दिस नदीला हिंडलं, घोडात आता कुठलं खेकडं, समदी वाळू उपसली. दौंडच्या बाजारातनं आनलं मग. म्हनलं, करावा."

सत्तरीतला माणूस दोन दिवस नदीत उतरतो आणि नंतर दौंड गाठतो, हे सहज? आई मला जे म्हणाली होती ते माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं. मी तुम्हाला लसूण सांगितली, आलं सांगितलं, दोनदा गाळा म्हणाले. आणि शेवटी म्हणाले, "सारखं झाकन उघडू नका वहिनी. आन् तिच्यापाशी बसा." तुम्ही "बसते वन्सं" म्हणालात आणि फोन ठेवलात. म्हणजे तुम्हालाही कळलं होतं, की मला कळलंय.

मी आले का नाही, ते ऐका. इथं कायम राहायचे आमचे कागद तेव्हा सरकारी ऑफिसात होते. त्या आठवड्यात देश सोडला असता तर माझा अर्ज गेला असता, आणि माझ्या मागोमाग हेही सगळं सोडून आले असते. पुन्हा पहिल्यापासून. माझ्या डोळ्यांपुढं सारखी ती मोटेलची खाट आणि भिंतीकडं वळलेली पाठ येत होती. एकीकडं आई होती, दुसरीकडं ती खाट. मी खाटेला घाबरले.

त्या दिवशी मी खेकडे आणले आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून नांग्या कुटायला घेतल्या. कुणासाठी, ते मलाच माहीत नव्हतं. हे कामावरून आले. दारातच आवाज ऐकून थांबले. डबा खाली ठेवायच्या आधी विचारलं, "कोण आजारी आहे?"

मी म्हणाले, "कुणी नाही. सहज."

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. बूटसुद्धा न काढता माझ्याजवळ फरशीवर बसले. मी सांगितलं असतं तर ह्यांनी त्याच दिवशी तिकीट काढलं असतं, म्हणून मी सांगितलं नाही. आठवड्यानं दादाचा फोन आला, आई गेली.

म्हणून म्हणते, वहिनी, दादाला हे पत्र वाचून दाखवा. तुम्ही कळवलं होतं. याहून स्पष्ट आपल्या घरात कुणी कधी काही कळवलेलं नाही. आणि तो रस्सा आई किती प्यायली, कशी प्यायली, काही म्हणाली का, ते मला लिहा. मला ते विचारायचा हक्क आहे की नाही, ठाऊक नाही.

मागच्या फोनला तुम्ही म्हणालात, "आता आत्या न्हाईत, तुमी कशाला याल हिकडं?" तेव्हापासून मी घर म्हणजे काय याचा विचार करतेय. इथं कागद मिळाले, दाराला आमच्या नावाची पाटी आहे, डोराला परत द्यायचा राहिलेला कुकर ओट्यावर आहे. पण ज्यांच्या-माझ्यात "सहज"मागचं न सांगता कळतं, अशी माणसं मला जगात तीनच मिळाली. एक गेली. एक इथं माझ्याजवळ बूट घालून फरशीवर बसला. तिसऱ्या तुम्ही. जिथं तुम्ही आहात तिथं माझं घर आहे, तेव्हा आईचा खलबत्ता कुणाला देऊ नका.

आणि पुन्हा कधी असं काही विचारायला फोन केलात, तर सहज म्हणू नका. तुम्ही म्हणालात तर मी परत नुसतं ऐकून घेईन आणि इथंच राहीन.