नऊचे पाच

आमचे आप्पा वजनकाटे दुरुस्त करतात. दुकानदार काटा पुढ्यात ठेवून दोनशे ग्रॅमचा फरक पडतोय म्हणून गळा काढतो, आणि आप्पा काट्याकडे न बघताच सांगतात, पन्नासचा असेल. बहुतेक वेळा पन्नासचाच निघतो. माणूस तक्रार फुगवून सांगतो, त्यातली हवा काढली की खरं हाती लागतं, हे त्यांचं चाळीस वर्षांचं शास्त्र. दुकानात ते खपून जायचं. घरी मात्र आमच्या तापातूनही एक डिग्री वजा व्हायची.

सहा वर्षांपूर्वी आईचं गर्भाशय काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरने तिला विचारलं, शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही, तर किती दुखतंय? आई म्हणाली, नऊ. सिस्टर लिहिणार तेवढ्यात आप्पा हसून म्हणाले, "पाच लिहा. तिला सगळंच जास्त वाटतं."

सिस्टर नवखी होती आणि आप्पांचा आवाज जाणकाराचा. तिने पाच लिहिलं, साधी गोळी दिली. आईने भिंतीकडे तोंड फिरवलं. मी पायथ्याशी बसून सफरचंद चिरत होते. माझ्या तोंडाला काय कुलूप लागलं होतं कोण जाणे, मी चिरतच राहिले. त्याची लाज अजून जात नाही.

गेल्या महिन्यात आप्पांच्या आतड्याचं ऑपरेशन झालं. पोटावर वीतभर टाके. तोच प्रश्न आला. आप्पा म्हणाले, तीन. कपाळावर घाम, मुठीत चादर, आणि म्हणे तीन! खोकायचं तर नावच नाही. श्वाससुद्धा उसना आणल्यासारखा वरच्यावर घेत होते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की दुखणं लपवलंत तर तुम्ही खोकणार नाही, आणि खोकला नाहीत तर कफ साठून न्यूमोनिया होईल. आप्पा तीनवरून हलले नाहीत. संध्याकाळी अंग तापलं.

मला वाटलं, हा त्यांचा नेहमीचा हेका. मी चिडून विचारलं, खरं सांगायला तुमचं काय जातंय? त्यांनी नजर छताकडे वळवली.

"कुठल्या तोंडाने सांगू?" ते हळूच म्हणाले. "तिचं नऊ मी पाच केलं होतं."

खोलीत आई होती, मी होते, आणि आम्हा दोघींकडे बघायची त्यांची हिंमत नव्हती. मीही खिडकीकडेच बघत होते. माझा राग कुठल्या कुठे गेला.

आई उठली, दारातून सिस्टरला हाक मारली आणि म्हणाली, यांचं नऊ लिहा. सिस्टरने आप्पांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. इंजेक्शन मिळालं. अर्ध्या तासाने आईने टाक्यांना आधार म्हणून त्यांच्या पोटावर उशी धरली, मग ते खोकले. एकदा, दोनदा, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. छाती मोकळी झाल्यावर त्यांनी तिचा हात धरला.

"तुझं तेव्हा नऊच होतं गं," ते म्हणाले.

"दहा होतं," आई म्हणाली. "दहा म्हटलं तर तुम्ही हसाल, म्हणून एक मीच कमी केला होता."