पाचवीचा कागद

भोचकपणा माझ्या पाचवीलाच पुजलेला. दुसऱ्याच्या डब्यात काय आहे हे कळल्याशिवाय मला माझा घास गोड लागत नाही. त्यामुळे सिझेरियन होऊन मद्रासच्या एका प्रसूती-इस्पितळात आठ दिवस उताणं पडायची वेळ आली, तेव्हा टाक्यांच्या दुखण्यापेक्षा शेजारच्या खाटेवर काय चाललंय याकडेच माझं जास्त लक्ष होतं.

खरं तर पहिलं बाळंतपण माहेरी, सांगलीला व्हायचं. पण सातव्या महिन्यात रक्तदाब चढला आणि डॉक्टरीणबाईंनी प्रवास बंद केला. नवरा मद्रासजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यात, त्याला रजा मोजून मिळायची. मग माहेरच उठून माझ्याकडे आलं. म्हणजे आई आली, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा आणि अळिवाची पुरचुंडी घेऊन.

शेजारच्या खाटेवरच्या बाळंतिणीला तिची सासू रोज सकाळी काळ्या लेह्याची सुपारीएवढी गोळी चाटवायची. मला राहवेना. मी खुणेनेच मागितली. औषध म्हणावं तर गुळमट, मिठाई म्हणावी तर मिरीने कान तापले. बदल्यात मी लाडू दिला, तो त्या सासूने आधी हुंगला, मग दातांनी चाचपून पाहिला. त्यांच्या बाळाच्या गालावर रुपयाएवढी काळी तीट होती आणि मनगटात वेखंडाचे मणी. "आपण वेखंड उगाळून चाटवतो, आणि ह्या बायका बांगडी करून घालतात!" आई म्हणाली. तिला ते पटलं नव्हतं, पण दुसऱ्या दिवशी मणी कुठे मिळतात याची चौकशी तिनेच मला करायला लावली.

माझी मुलगी मात्र दूध ओढत नव्हती. दोन घोट घेतले की डोळे मिटायची. रोज सकाळी सिस्टर तिला काट्यावर ठेवायच्या आणि रोज आकडा थोडा खाली यायचा. चौथ्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून उतरलं तर मुलांच्या इस्पितळात हलवावं लागेल, नळीने दूध द्यायला.

"आणि मी?" मी विचारलं.

"टाके निघेपर्यंत तुम्ही इथेच."

त्या दिवसापासून शेजारच्या डब्यात काय आलं ते मी पाहिलं नाही.

पाचवा दिवस उजाडला. पाचवीला सटवाई येऊन बाळाच्या कपाळी त्याचं नशीब लिहिते, हे आमच्या घरी कोणी फारसं बोलत नाही, पण चुकवतही नाही. वॉर्डात पाटा-वरवंटा कुठून आणणार आणि दिवा कोण लावू देणार? आईने पूजा मनातल्या मनात केली आणि संध्याकाळी पाळण्याच्या कडेला एक कोरा कागद आणि जावयाच्या खिशातलं पेन ठेवलं. "एवढं तरी असू दे," ती म्हणाली. एम.ए. झालेल्या मीच पेनाचं टोपण काढून दिलं.

सकाळी आईच्या हुंदक्याने जाग आली. कागदावर लिहिलेलं होतं! निळ्या शाईत, इंग्रजीत, तीन ओळी.

"वाच," आई म्हणाली. तिने कागद माझ्या हातात दिला.

मी वाचलं. ओढ कमी. वजन आणखी खाली. आज हलवणे.

सिस्टरांचं अक्षर मला ओळखता आलं. पहाटे वजन करायला आल्या असणार, तक्ता ऑफिसात राहिला असणार, आणि पाळण्याशी कागद-पेन तयार पाहून त्यांनी टिपून ठेवलं असणार. हे सगळं मला लख्ख कळत होतं. तरी त्या तीन ओळी मी पुन्हा पुन्हा वाचत राहिले. आई तर भिंतीशी टेकून बसली होती, आणि सटवाईने लिहिलं की सिस्टरने, याने तिला काहीच फरक पडत नव्हता.

सिस्टर कागद न्यायला आल्या. चाळिशीच्या, जाड भिंगांच्या, फटकळ बाई. माझं मोडकं तमिळ आणि त्यांचं तुटकं इंग्रजी जोडून मी त्यांना सांगितलं की तो कागद कशासाठी होता. आधी त्यांना काही उमगेना. मग त्यांनी स्वतःच्या कपाळावर बोट ओढलं. "तलैयेळुत्तु?" कपाळीचं लिहिणं त्यांच्याकडेही होतं तर! "अय्यय्यो," म्हणून त्या मटकन माझ्या खाटेवर बसल्या. पेन उचलून त्यांनी ओळी खोडायला घेतल्या, तर आईने हात धरला. लिहिलेलं खोडायचं नसतं. सिस्टरांनीही मान डोलावली.

त्यांची रात्रपाळी संपली होती. त्या घरी गेल्या नाहीत. डॉक्टरीणबाईंशी काय बोलल्या देव जाणे, पण एक दिवसाची सवड मिळवून आल्या. मग त्यांनी बाळाचं दुपटं सोडलं, तळव्यावर टिचक्या मारून तिला रडवलं, आणि टाक्यांवर भार नको म्हणून बाजारची पिशवी धरावी तशी माझ्या काखेत दिली. तिच्या ओठांवर दुधाचे थेंब पिळले. झोपली की पुन्हा टिचकी. मला कळवळा आला की माझ्यावर डोळे वटारायच्या. दर दीड तासाने हेच. दुपारी कधीतरी त्यांनी माझा दंड दाबला आणि स्वतःच्या कानाकडे बोट दाखवलं. ऐकलं तर मुलगी गिळत होती. एक, दोन, तीन, थांबून पुन्हा. तेव्हाच त्या घरी गेल्या. पुढे रात्रभर आईने टिचक्या मारल्या.

सकाळी काट्याभोवती आम्ही तिघी उभ्या होतो, मी वाकून, पोट धरून. आकडा वर गेला होता. थोडासाच. सिस्टरांनी मोठ्याने वाचला आणि पुन्हा एकदा बाळ उचलून, ठेवून पाहिला. डॉक्टरीणबाईंनीही तो पाहिला आणि हलवायचं रद्द केलं.

आईने कागद आणि पेन सिस्टरांपुढे धरलं. खाली जागा होती. त्यांनी चष्मा पुसला आणि या वेळी तमिळमध्ये, शाळेतल्या मुलीसारखं सावकाश, एक ओळ लिहिली. मला ती लिपी येत नव्हती. त्यांनी अक्षरांखाली बोट फिरवत वाचून दाखवलं, "अम्मावोड वीट्टुक्कु पोगुम."

आईबरोबर घरी जाईल. एवढं तमिळ मला येत होतं. आई विचारत राहिली, "काय म्हणाल्या गं? काय लिहिलं?" आणि मला रडण्यापुढे तिला सांगताच येईना.