उकिरड्याशेजारची माती

आमच्या साडूभाऊंना माणसं नावानं लक्षात राहत नाहीत, मातीनं राहतात. आणि असा दुसरा माणूस साऱ्या बीड जिल्ह्यात निघाला तर परळीतलं माझं भांड्यांचं दुकान मी त्याच्या नावावर करून द्यायला तयार आहे. "आपले घाटनांदूरचे पाहुणे" म्हटलं की त्यांचा चेहरा कोरा. "ती चुनखडीची जमीन" म्हटलं की लगेच, "हां, ते व्हय! मानूस लई चांगला, सोयाबीन तेवढं पिवळं पडतं त्याचं." माझ्या बायकोची थोरली बहीण धर्मापुरीला या गृहस्थांना दिलेली. मुलगी बघायला आले तेव्हा पोहे संपवून, तिला एक प्रश्नही न विचारता, हे मागच्या दारानं परसातली शेवग्याखालची माती हुंगायला गेले. मेव्हणीबाई हे सांगताना अजून रागावतात आणि तरी दर दिवाळीला सांगतात.

जेवायला बसले की शिकवणी सुरू. "झाडाला दात असतेत का, पाव्हणं? न्हाईत. त्ये खात न्हाई, पितं. पाण्यात इरघळंल तेवढंच मुळी वढून घेती." मग पानातली भाकरी तशीच ठेवून जमिनीच्या पोटातल्या स्वयंपाक्यांची यादी होते: गांडुळं, बुरशी, डोळ्यांना न दिसणारे जिवाणू. पालापाचोळा आणि शेण हा त्यांचा शिधा. "तुमी खताची गोनी वतता आन् उसाचं पाचट पेटवून देता. म्हंजी आचाऱ्यालाच चुलीत घालायचं आन् वरून साखर भुरभुरायची!" भाच्याच्या लग्नात ऐन मंगलाष्टकांत शेजारच्या रानातून धूर दिसला, तर हे नवरदेवाचे मामा बोहल्यामागून पसार. नव्याकोऱ्या फेट्यानं झोडपून पाचट विझवलं आणि काळं तोंड घेऊन जेवणाच्या पंगतीला हजर झाले. मुठीतल्या अक्षता तेवढ्या तशाच होत्या.

वडिलांच्या मागे माझ्या वाट्याला धर्मापुरीच्याच शिवारात तीन एकर आली. मी दुकानात बसून उंटावरून शेळ्या हाकणार. वर्षानुवर्षं अर्ध्या वाट्यानं बटईला दिलेली ती जमीन पार घट्ट होऊन गेली होती. अशात एक वीटभट्टीवाला तिची वरची दोन फूट माती विकत मागायला आला आणि मी जवळजवळ हो म्हटलं. साडूभाऊंचं तोंड उतरलं. "वरची मातीच गेली तर खाली उरलं काय? मुरूम! पिढ्या जात्यात तेवढी माती व्हायला." मग म्हणाले, "आदी तपासून तर घिऊ," आणि स्वतः नमुना घेऊन गेले. अहवाल आला: सेंद्रिय कर्ब भरपूर, नत्र भरपूर, सगळंच भरपूर. मी खूश होऊन भट्टीवाल्याला नकार कळवला.

पण डोकं पडलं व्यापाऱ्याचं. सगळं भरपूर आहे तर शेणखत कशाला? साडूभाऊ "दोन गाड्या टाका की" म्हणाले की मी अहवाल पुढे करायचो. मग ते खोकायचे, टोपी काढून डोकं खाजवायचे आणि विषय बदलायचे. श्रावणात माझं सोयाबीन असं पिवळं पडलं की यंदा हळद लावली काय, अशी लोक चेष्टा करू लागले. काढणीला हाती काहीच आलं नाही. मी चिडून भट्टीवाल्याला फोन केला आणि सोमवारी मशीन घेऊन या म्हणून सांगितलं.

रविवारी साडूभाऊ दुकानात येऊन पातेल्यांच्या राशीशेजारी मान खाली घालून बसले.

"पाव्हणं, नमुना म्या उकिरड्याशेजारचा नेलता."

रानातल्या दहा ठिकाणची माती मिसळावी, बांधावरची, झाडाखालची, उकिरड्याजवळची चुकूनही घेऊ नये, हे साऱ्या गावाला पढवणारा हा माणूस!

"कावून पण?"

"पोरगी दाखवायची तर फाटकं लुगडं नेसवून कुनी बसवतं का? चार लोकांत तुमच्या जमिनीला नावं ठिवली असती. जीव धजला न्हाई."

मी रागवायला तोंड उघडलं आणि हसतच सुटलो. भट्टीवाल्याला त्यांच्यासमोरच फोन करून येऊ नका म्हणालो; दुसऱ्यांदा शब्द फिरवल्याबद्दल त्यानं मला जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

त्या उन्हाळ्यात त्यांचा नेहमीचा मेंढपाळ कळप घेऊन आला. मेंढ्या रात्री रानात बसवल्या की लेंड्या-मुतानं जमीन आपसूक खतावते. दरसाल तो यांच्या रानात बसायचा. यंदा साडूभाऊंनी सगळा कळप माझ्या तीन एकरांत नेऊन बसवला. पावसाळ्यात माझं सोयाबीन हिरवंगार, यांचं खुरटलेलं. असं का केलंत, म्हणून विचारलं, तर म्हणाले, "माझ्या जमिनीला मी हाय की. तुमच्या जमिनीला कोन हाय?"

लाज वाटली, खरं सांगतो. आता दर रविवारी दुकान बंद ठेवून जातो. साडूभाऊंचे गुडघे गेलेत. ते बांधावर बसतात आणि मी ओंजळभर माती नेऊन त्यांच्या नाकाशी धरतो. परवा बराच वेळ डोळे मिटून हुंगली आणि म्हणाले, "सुधारायली, पर अजून दोन-चार वर्सं लागत्याल. मी आसंन न्हाईतर नसंन. तुमी हुंगायला शिका."

मी ओंजळीत नाक खुपसलं. मला नुसता मातीचा वास आला, दुसरं काही कळलं नाही.

"लई गोड हाय," मी म्हणालो.

ते इतके खूश झाले की मी परत एकदा ओंजळीत नाक खुपसलं.