माय माझ्या घरी जेवली

आधीच सांगते, माझं अक्षर फार वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीपर्यंत शिकले, त्यालाही तीस वर्षं होऊन गेली. ही वही मी साड्यांच्या गठ्ठ्याखाली ठेवते. तरी कुणाच्या हाती लागलीच तर चुका माफ कराव्यात. मला बोलता येत नाही. चार माणसांत आवाजच निघत नाही. मायजवळ मी एकदाच मोठ्यानं बोलले, आणि ते बोलले नसते तर बरं झालं असतं.

आम्ही सुरतला लिंबायतमध्ये राहतो. एक खोली आणि पुढे मोरी. नवरा लूमच्या खात्यात कामाला आहे. खातं म्हणजे इथल्या बोलीत कारखाना. मी घरी बसून साड्यांचे धागे कापते. लग्नाला बावीस वर्षं झाली, आम्हाला मूलबाळ नाही.

हे शेवटचं वाक्य मला टाळायचं होतं, पण त्याच्याशिवाय पुढचं कुणाला कळायचं नाही. आमच्या माणसांत रीत आहे, लेकीला मूल होत नाही तोवर आईबापानं तिच्या घरचं खायचं नाही. दिलेल्या घरचं परत घेतल्यासारखं होतं म्हणतात. कोसाडला माझी मोठी बहीण राहते, तिला दोन मुलगे. ताईच्या घरी माय पोटभर जेवायची, वर ताक मागून घ्यायची. माझ्याकडे आली की फडक्यात बांधून आणलेली भाकरी काढायची. पाणीसुद्धा शेजारणीकडून मागून प्यायची. बावीस वर्षं मी ते बघितलं आणि काही बोलले नाही.

मग मायच्या आतड्यात गाठ निघाली. गावाकडच्या डॉक्टरनं सुरतला न्यायला सांगितलं. भाऊ तिला घेऊन आला आणि इथल्या सरकारी दवाखान्यात ऑपरेशन झालं. गाठ काढली, थोडं आतडंही काढलं. डॉक्टर म्हणाले, महिनाभर इथंच जवळ ठेवा, थोडं थोडं खाऊ घाला, अंगात ताकद आली तरच पुढचं औषध सुरू करता येईल, वजन घटता कामा नये. भावाला नोकरीवर परत जायचं होतं. ताई दिवसभर इच्छापोरच्या कारखान्यात. राहिले मी. तसाही दवाखाना माझ्याच घराजवळ होता.

माय माझ्याकडे राहणार, माझ्या हातचं खाणार, या विचारानं मला आनंद झाला होता. आईच्या पोटाला टाके आणि लेकीला आनंद. लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे.

पहिल्या दिवशी मी मुगाची पातळ खिचडी केली, वर तूप सोडलं, वाफा निघत असताना पुढे ठेवली. मायने कमरेची पिशवी सोडली आणि दहाची नोट काढली.

"हाई धर," ती म्हणाली. "मंग खासू."

"माय, आजारी माणूसले बी रीत लागू शे का?"

"धर वं पोर. तुन्हा घरना दाना मी फुकट खासू का?"

विकत घेतलेलं अन्न चालतं, असा तिनं वाटेतच मार्ग काढून ठेवला होता. माझा नवरा तेव्हा आंघोळ करून पाळीला निघाला होता. तो सासूला मामी म्हणतो. हसून म्हणाला, "मामी, आमना खाताना कँटीनमा बी उधारी चालस. तुम्ही तं रोख देनारं गिऱ्हाईक."

"मंग तुमन्या कँटीनवालाले सांगा, आठे शिकाले ये म्हना," माय म्हणाली. तो हसत गेला. मी नोट घेऊन डब्यात टाकली. मायने दोन चमचे खाल्ले, तोंडावर पदर धरला आणि ताट सरकवलं.

तसंच रोज. दोन वेळा नोट, दोन वेळा दोन चमचे. मी तिच्या आवडीचं काय काय केलं. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी दुधात कुस्करली. मसुराची आमटी केली. गरम गरम दिलं की आजारी माणसाला बरं वाटतं, असंच मी लहानपणापासून ऐकलेलं. तव्यावरचं थेट तिच्या ताटात जायचं. ती म्हणायची, "दाळना वास उना का पोटमा ढवळस." कधी उलटी व्हायची, कधी नुसतं तोंडाला पाणी सुटायचं आणि ती भिंतीला टेकून डोळे मिटून बसायची. मी पाठ चोळायचे. हाडं हाताला लागायची.

पण मनात मी तिच्यावर विश्वास ठेवत नव्हते. मला वाटायचं, मळमळ हे निमित्त आहे. पैसे देऊनही तिच्या जिवाला माझं अन्न नको आहे.

आठव्या दिवशी रविवार होता. ताई आली. कोसाडहून दोन रिक्षा बदलून येते, तासभर लागतो. तिनं डब्यात साधा मऊ भात आणि ताक आणलं होतं. मायने पैसे काढले नाहीत. डबा मांडीवर घेतला आणि अर्ध्यापेक्षा जास्त भात खाल्ला. बोटं चाटली. उलटी नाही, काही नाही.

"पाह्य, कसी खास माय," ताई मला म्हणाली. "तू काय घालस तिले, तिखट?"

मी चहा करायला उठले. स्टोव्ह पेटेना, की माझ्या हाताला पेटवता येईना, आता आठवत नाही. मला एकच दिसत होतं, तिला पोरं आहेत म्हणून तिचा भात उतरला.

दुसऱ्या दिवशी मायची पिशवी रिकामी झाली. भावानं दिलेले सगळे पैसे संपले होते. त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी वरण-भात वाढला, तर ती पिशवी उलटी करून बघत बसली आणि म्हणाली, "लिखी ठेव. मी पैसा दिसू." मी हो म्हटलं. तिनं चमचा उचलला, तोंडाजवळ नेला आणि परत ठेवला.

तेव्हा मी बोलले. शेजारणीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलले.

"ताईना घरनं गोड लागस, मन्हा घरनं कडू लागस. मी वांझ शे म्हनीसन. तसं सांगी टाक ना एकदाव."

मायला राग आला असता तर मला सोसलं असतं. तिनं ताट पुढे ओढलं.

"वाढ," ती म्हणाली. "भरीसन वाढ."

मी वाढलं. माझा राग उतरला नव्हता म्हणून वाढलं. तिनं सगळं खाल्लं. घास घेताना तिच्या कपाळावर घाम येत होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती थांबली नाही. ताट पुसून खाल्लं. मग म्हणाली, "गोड शे. पाह्यं ना तू?"

अर्ध्या तासात तिला उलट्या सुरू झाल्या. एकामागून एक. पोटाला दोन्ही हातांनी आवळून ती ओरडत होती. लुगड्याला पाणी आणि रक्त लागलं तसं मी शेजारच्या रिक्षावाल्याला हाक मारली. दवाखान्यात सांगितलं, दोन टाके सुटले. तिला परत भरती केलं.

तिथं एक गुजराती सिस्टर होती, वयानं माझ्याएवढी. तिनं विचारलं, काय खायला घातलं. मी सगळं सांगितलं, फक्त मी काय बोलले ते सांगितलं नाही. ती म्हणाली, "गरम ना आपो, बेन. ठंडु करीने आपो. वराळथी ज उबको आवे ने." वाफेमुळेच उमासा येतो. वास वाफेबरोबर वर चढतो, पोट कापलेल्या माणसाला तोच सोसत नाही. थंड झालेलं द्या, तिच्याजवळ फोडणी देऊ नका, ताट भरून समोर ठेवू नका, वाटीत चार चमचे घ्या, दोन तासांनी परत चार चमचे. सकाळी उठल्या उठल्या आधी कोरडं काहीतरी, मग पाणी.

मी ऐकत उभी होते आणि मला ताईचा डबा आठवला. तासभर रिक्षात बसून आलेला, गार झालेला भात. त्याला वास नव्हता. एवढंच होतं.

मायला हे कळलं नव्हतं, मला कळलं नव्हतं. ती खरंच सांगत होती की वासानं पोटात ढवळतं. मी तिला तिच्या तोंडावर खोटं ठरवलं आणि माझं अन्न तिला गोड लागतं हे मला पटावं म्हणून तिनं स्वतःचे टाके तोडले.

चार दिवसांनी तिला घरी आणलं. मी स्टोव्ह बाहेर ओट्यावर नेला. सकाळी पाचला स्वयंपाक करायचा आणि तो झाकून, गार करून, उशिरा द्यायचा. ज्वारीच्या लाह्या उशाशी ठेवल्या. ती डोळे उघडायच्या आधी दोन-चार तोंडात टाकायची. ताकातला भात, गार पेज, कधी लिंबाची फोड नुसती चोखायला. बशीत घेतलं तर दोन घास जास्त जायचे म्हणून मी ताट वापरणंच सोडलं. तिच्या पोटात अन्न राहायला लागलं. किराण्याच्या दुकानातल्या काट्यावर आम्ही तिला उभं केलं. दुकानदार म्हणाला, "माँजी, तांदळाच्या कट्ट्यापेक्षा तुम्ही भारी निघाल्या." माय आठवडाभर ते सगळ्यांना सांगत होती.

मी दहा वेळा ठरवलं की पाया पडून माफी मागावी. एकदा तिचे पाय चोळताना सुरुवातही केली. तोंडातून फक्त "माय" एवढंच आलं.

तीच बोलली. "मी काब्रं पैसा देस, तुले समजनं नही का वं? तुन्हं फुकट खाई लिधं आनि तुन्ही कूस भरनी नही, तं कोननं पाप?"

"माय, माले एक्केचाळीस व्हयनात."

"व्हवू दे. देवना घरनं काय सांगता येस?"

डॉक्टरांनी, सासरच्यांनी, माझ्या नवऱ्यानं, मी, सगळ्यांनी केव्हाच सोडून दिलं होतं. शेजारच्या बायकासुद्धा आता विचारायच्या थांबल्या होत्या. एकटी माय वाट बघत होती. ज्या नोटांवर मी बावीस वर्षांचा अपमान वाचला, त्या तिनं माझ्या पोटासाठी दिल्या होत्या. तिचे पाय हातात धरून मी बराच वेळ बसले. मग पाळी सुटून नवरा आला, तसं उठावं लागलं.

दवाखान्यातून परत आणल्यापासून अकराव्या दिवशी भाऊ तिला न्यायला आला. पुढचं औषध जिल्ह्याच्या ठिकाणी घ्यायचं ठरलं होतं. दोन वेळा घेतलं. तिसऱ्या वेळी डॉक्टर म्हणाले, गाठ यकृतात गेली आहे, आता घरी ठेवा. मी वहिनीला फोनवर सांगायचे, गार करून द्या, वाटीत द्या. वहिनी द्यायची. पण या वेळी मळमळ वासाची नव्हती. फोनवर मायचा आवाज सुपारीएवढा झाला होता. शेवटी एक दिवस म्हणाली, "तुन्हा हातना ताकभात खाऊशी वाटस." मी त्याच दिवशी निघाले. डब्यात भात घेतला. नंदुरबारच्या पुढे भावाचा फोन आला. तो भात मी कुठे सांडला की कुणाला दिला, ते मला माहीत नाही.

मायचे दिवस झाल्यावर महिन्याभरानं भाऊ सुरतला माझ्याकडे आला. बसला, पाणी घेतलं नाही. खिशातून पैसे काढून माझ्यापुढे धरले. दोनशे तीस रुपये.

"मायने सांगितलं होतं," तो म्हणाला. "पिशवी सरल्यावर तेवीस वेळा जेवली म्हणे. दहाप्रमाणे. माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं."

मी म्हटलं, "दादा, मला नको."

"घे. नाहीतर तिचा जीव अडकून राहील. मी तिला शब्द दिलाय."

मी मनात मोजलं. घरी परत आणल्यानंतरचे अकरा दिवस, वाटीवाटीनं दिलेलं धरून दिवसाला दोन जेवणं, म्हणजे बावीस. आणि एक त्या दुपारचं. जे तिनं माझ्यासाठी खाल्लं आणि सगळं उलटून टाकलं, त्याचेही दहा रुपये तिनं धरले होते.

नवरा दारात उभा होता. मी दोन्ही हात पुढे केले. भावानं एकेक नोट माझ्या हातावर मोजून ठेवली. शंभराची एक, पन्नासची दोन, दहाच्या तीन. मग त्यानं विचारलं, "पुरे झाले ना?"

मी मान हलवली. तेवढं त्याला पटेना, तोंडानं सांग म्हणाला.

"पुरे झाले," मी म्हटलं. "मायकडे माझं काही राहिलं नाही."