दुसरी कुरकुर

कानवाल्यांनी चाळीस वर्षांत एकही टाईल विनाकारण फोडली नव्हती. बाकीचे प्लंबर आले की आधी भिंतीची चाळण करत आणि मग पाणी कुठून येतंय याचा शोध घेत. कानवाले पिशवीतून हातभर लांब लोखंडी सळई काढत, एक टोक भिंतीला लावत, दुसरं कानाशी धरत आणि डोळे मिटत. घरच्यांना पंखे बंद करायला लावत, मुलांना दटावत. आतल्या पाण्याची बारीक शीळ जिथे सगळ्यात टोकदार लागेल तिथे खडूने फुली. फुलीखालची एकच टाईल निघे आणि मागे ओला पाइप सापडे. त्यांचं खरं नाव विजेच्या बिलापुरतं उरलं होतं.

जोड बसवतानाही त्यांचा भरवसा कानावरच. पाइपच्या आट्यांवर टेप गुंडाळून एल्बो, म्हणजे काटकोनातला जोड, पान्याने आवळत नेला की तो कुरकुरतो. पहिल्या कुरकुरीला सोडला तर पाझरत राहतो. तिसरीपर्यंत ओढला तर पितळेला केसाएवढी चीर जाते. कानवाले दुसऱ्या कुरकुरीला हात काढून घेत. पाइप म्हातारा झाला म्हणून फुटला, असं लोक खुशाल म्हणतात. तसा तो फुटतोही, गंजून. पण निम्म्या वेळा वॉशर झिजलेला असतो, नाहीतर कुणीतरी दंडातली ताकद दाखवलेली असते. आणि ती चीर लगेच काही बोलत नाही. वर्ष वर्ष गप्प बसते, मग एक दिवस भिंतीला ओल येते.

तशी ओल चष्मेवाल्यांकडे आली. चष्म्याचं दुकान असलेले हे गृहस्थ तळमजल्यावर राहत. वरच्या दोन खोल्या त्यांनी शिवणकाम करणाऱ्या एका बाईला भाड्याने दिल्या होत्या. ती शाळांचे गणवेश शिवायची. एकटीच राहायची, आणि सात वर्षांत तिच्या गिऱ्हाइकांना तो जिना पाठ झाला होता. चष्मेवाल्यांच्या झोपायच्या खोलीत, छताच्या कोपऱ्यात ताटाएवढा डाग पडला. कानवाल्यांना बोलावणं गेलं.

त्यांनी सळई लावली. भिंत गप्प होती. जागा बदलली, तरी गप्प. आता खरं तर तिथेच सळई खाली ठेवून ‘मला काही लागत नाही’ म्हणायचं. पण ते म्हणायला माणसाला जरा सवय हवी, आणि ती त्यांना कुठली? त्यांनी तर्क लढवला. डाग छताला, छताच्या वर शिवणवालीची मोरी, म्हणजे पाणी तिचंच. वर जाऊन ठामपणे फुली मारली. टाईल काढली तर कोरडी. दुसरी कोरडी. तिसरीही कोरडी. चौथीखाली थोडी ओल दिसली, जी कुठल्याही मोरीत दिसेल. कानवाल्यांनी घाम पुसला आणि म्हणाले, “मोरी गळतेय. सगळी उखडावी लागेल.”

चष्मेवाल्यांना आयतंच कारण मिळालं. पुतण्याला त्या खोल्या हव्याच होत्या. त्यांनी शिवणवालीला सांगितलं, “ऐकलंत ना? कानवाल्यांचा शब्द आहे. महिनाअखेर खोल्या मोकळ्या करा.”

घरी आल्यावर कानवाले जेवले नाहीत. तीन कोरड्या टाईल डोळ्यांपुढून हलेनात. बायकोने टीव्हीचा आवाज कमी केला. त्यांनी तो पुन्हा वाढवला.

“अहो, शेजारच्यांनाही बातम्या ऐकवताय का?”

“एवढा काही मोठा नाहीये.”

“काल कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा म्हटलं होतं. सहा झाल्या. तुम्ही कुकरसमोर उभे राहून मला विचारता, अजून एकही कशी नाही?”

“लक्ष नव्हतं माझं.”

“दोन वर्षं झाली तुमचं लक्ष नाहीये,” ती म्हणाली. “डॉक्टरकडे चला म्हटलं की अंगावर येता.”

माणसांचं बोलणं त्यांना नीट ऐकू येत होतं, मग कान कसे गेले म्हणायचे? अशी त्यांची समजूत. फक्त बारीक, टोकदार आवाज तेवढे जगातून कमी झाले होते. जे गेलं ते ऐकूच येत नाही, तर गेल्याचं कळणार कसं!

चार दिवसांनी शिवणवाली त्यांच्या दारात उभी राहिली. गळ्यातली मोजायची टेपही काढायची राहिली होती.

“काका, दोन दिवस मी माझा मुख्य कॉक बंद ठेवला. शेजारून बादल्या आणल्या. थेंबभर पाणी माझ्या पाइपात नव्हतं. खालचा डाग तरी वीतभर वाढला. मग पाणी माझं कसं?”

“साठलेलं पाणी झिरपत राहतं.”

“दोन दिवस? काका, मी कापडात एक इंच चुकले तर उसवते. तुम्ही परत एकदा या. एवढंच मागते.”

कानवाले चिडूनच गेले. मोरीत शिरून त्यांनी सळई पाइपला लावली. शिवणवालीने कॉक उघडला, मोरीतच असलेल्या संडासाचा फ्लश ओढला आणि दाराशी थांबली. ते बराच वेळ डोळे मिटून उभे होते.

“बघ. आत्ता कुठेच पाणी वाहत नाहीये. शांत आहे सगळं.”

त्यांनी डोळे उघडले तर ती त्यांच्याकडे अशी बघत होती, जसं आजारी माणसाकडे बघतात.

“काका,” ती हळूच म्हणाली, “फ्लशची टाकी भरतेय.”

त्यांनी टाकीचं झाकण उचललं. नळीतून पाणी पडत होतं, चेंडू हळूहळू वर चढत होता. नवशिक्यालाही दारातून ऐकू यावी अशी ती सूं सूं. त्यांनी कान जवळ नेला. आणखी जवळ नेला. झाकण परत ठेवताना ते हातातून निसटलं आणि आपटलं. तेवढा धप्प आवाज मात्र त्यांना स्वच्छ ऐकू आला.

खाली येऊन त्यांनी चष्मेवाल्यांच्या घरातले सगळे नळ बंद केले आणि दाराबाहेर तळमजल्याच्या पाण्याच्या मीटरपुढे उकिडवे बसले. मीटर बघून गळती ओळखणं त्यांच्या लेखी कान नसलेल्यांचं काम होतं. एकही नळ चालू नव्हता, तरी मीटरमधलं तांबडं चाक फिरत होतं. म्हणजे गळती याच घरात.

मग त्यांना उमगलं. बेडरूमच्या भिंतीपलीकडे न्हाणीघर, तिथे छताला लागून गिझर, आणि गिझरमागे भिंतीत एल्बो. गेल्या वर्षी बसवला होता. कुणी? त्यांनीच. कुरकुर काही ऐकू येईना म्हणून अजून एक वेढा दिला होता, आणि आणखी एक, हेही आठवलं. आजकाल पितळ चांगलं येतं, कुरकुरत नाही, असं त्यावर चष्मेवाल्यांना ऐटीत सांगितलं होतं!

गिझर उतरवून एकच टाईल काढली. एल्बोवर केसाएवढी चीर होती आणि तिच्यातून पाणी वर छताकडे उडत होतं.

चष्मेवाले स्टुलावर चढून बघून आले. माणूस हुशार. त्यांनी न्हाणीघराचं दार लोटलं आणि आवाज खाली आणला.

“हे बघा, एल्बो बदला आणि विषय संपवा. वरची मोरी गळतेय असं तुम्ही सांगितलं होतं, ते तसंच राहू द्या. बाई जाईल, तुमचं नाव राहील. चाळीस वर्षांचं नाव आहे. उगाच कशाला तोंडघशी पडायचं?”

कानवाल्यांनी नवा एल्बो हातात घेतला. नाव राखायला फार काही करायचं नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं. आणि या दोन वर्षांत आपण आणखी किती एल्बो असे आवळले, हा विचार तेव्हा त्यांच्या डोक्यात शिरला. शाळेची टाकी. दवाखान्यामागचं घर. ती नवीन जोडप्याची जागा. प्रत्येक भिंतीत एक चीर दडून बसलेली.

त्यांनी दार उघडलं. शिवणवाली जिन्यात उभी होती, शेजारच्या दोघी कठड्यावरून वाकून बघत होत्या.

“गळती मालकांच्या गिझरची आहे,” ते म्हणाले, “आणि जोड माझाच आहे. मी जास्त आवळला. मला ऐकू येत नाही. हिची मोरी कोरडी आहे, टाईल मी उगाच फोडल्या.”

ज्याला ऐकू येत नाही त्याचा आवाज आपोआप चढतो. सबंध जिन्याने ते ऐकलं.

“माझ्या दुकानात रोज अशी माणसं येतात,” चष्मेवाले कडवटपणे म्हणाले. “अक्षरं दिसत नाहीत, पण दोष म्हणे पाटीचा.” पण एवढ्या साक्षीदारांपुढे त्यांना ‘महिनाअखेर’ हा शब्द पुन्हा तोंडातून काढता आला नाही. शिवणवाली तशीच वर गेली. आभार कसले मानायचे? तिच्या मोरीत चार खड्डे होते. ते कानवाल्यांनी दुसऱ्या दिवशी बुजवले.

त्यानंतर त्यांना कामाला कुणी बोलावलं नाही, दोन वर्षांत जोड बसवलेल्या घरांकडे ते स्वतःच निघाले. पिशवीत सळई, बरोबर बायको. पहिल्या घरी दार आपटलं गेलं. दुसऱ्या घरच्या बाई म्हणाल्या, “अहो, आमचं काही गळत नाही, मग का उकरून काढताय?” तिसरं घर त्या नवीन जोडप्याचं. त्यांनी दोघांना आत घेतलं.

सळईचं एक टोक भिंतीला लावून बायकोने दुसरं कानाशी धरलं आणि डोळे मिटले. कानवाले तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

“काय?”

“जरा गप्प बसा. तुमचा श्वास मध्ये येतोय.”

त्यांनी श्वास धरला. तिने सळई चार बोटं डावीकडे सरकवली, मग बोटभर खाली. तिच्या कपाळाला आठी पडली. डोळे न उघडताच तिने हात पुढे केला.

“खडू द्या.”