अण्णांचा डावा हात

ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. मी शाळेत लिहिणंच सोडून दिलं होतं. मी डावखुरी. डाव्या हातात पेन्सिल दिसली रे दिसली, की बाईंची लाकडी पट्टी बोटांवर बसायची. उजव्या हातानं काढलेला ‘अ’ मेल्या झुरळासारखा उताणा पडायचा. मग मी पाटी कोरीच ठेवायला लागले. लिहीत नसेल तर पुन्हा पहिलीतच बसवू, असा घरी निरोप आला. आई हबकलीच. “अगं, उद्या सासरी डाव्या हातानं वाढशील का?”

माझ्या वडिलांना, अण्णांना, चित्रांची पुस्तकं आणायची भारी हौस. पण त्यातली एक मुलगी डाव्या हातानं लिहील तर शपथ! अहो, ससासुद्धा गाजर उजव्या हातात धरून बसलेला. मी सगळा गठ्ठा अण्णांपुढे आपटला. “माझ्यासारखं कुणीच नाही यात.”

अण्णा अंबडच्या कारखान्यात फिटर होते. जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून, कोरी बाजू वर ठेवून त्यांनी दोऱ्यानं शिवली. “मग आपणच काढू की! त्यात काय?”

आणि काय सुरेख काढलं! दोन वेण्यांची मुलगी डाव्या हातानं विटी टोलवतेय, पतंग उंच बदवतेय. मी खूश. पण ती लिहायला बसली त्या पानावर मी अडले. “अण्णा, अंगठा चुकला. असं नाही धरत.”

“मग कसं? दाखव.”

मी हात पाठीमागे लपवला. तेव्हा अण्णांनीच पेन्सिल डाव्या हातात घेतली आणि तशीच मुलगी काढायला लागले. तोंड चेपलं, एक डोळा कपाळावर गेला. मी खो खो हसले. तेही हसले, आणि एकदम त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

“शाळेत तुला रोज हेच करायला लावतात, होय गं?”

मी मान डोलावली. माझ्या दणकट अण्णांच्या डोळ्यांत पाणी! इतके आवडले ना मला ते तेव्हा, काय सांगू.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते वर्गात आले. ते पान बाईंपुढे ठेवलं. “मी उजव्या हाताचा माणूस. हे माझं डाव्या हाताचं काम,” म्हणाले, आणि डावा हात पुढे केला. “मारा पट्टी.”

बाईंनी पान उचलून ती वेडीवाकडी मुलगी निरखून पाहिली आणि पट्टी बाजूला ठेवली. मग मला बोलावून खडू पुढे केला. “घे. तुझ्या हातानं लिही.”

फळ्यावर मी माझं पूर्ण नाव लिहिलं, मधल्या अण्णांच्या नावासकट.