व्हर्लनची हेट्टी

टेक्सासात आमच्या ट्रिनिटी नदीवर गार नावाचा मासा मारणारे पैशाला पासरी, पण धरून सोडून देणारा एकच, व्हर्लन पिकार्ड. मगरीचं तोंड आणि माणसाहून लांब धूड असा हा मासा. लोक त्याला नदीची घाण म्हणायचे, दिसला की बाण घालायचे. व्हर्लनचा धंदा गळाचा. शहरातले हौशी त्याच्या बोटीत बसायचे आणि गारानं आमिष उचललं रे उचललं की ओढायला धावायचे.

"हात आवर!" व्हर्लन खेकसायचा. "आत्ता त्यानं नुसतं तोंडात धरलंय. पळेल, थांबेल, गिळेल. पुन्हा निघाला की मग दे हिसका. कसली लगीनघाई चाललीय!"

फोटो झाला की तो माशाची शेपटी धरून पाण्यात उभा राहायचा. मासा स्वतःच्या बळानं हिसडा देऊन जाईपर्यंत हलायचा नाही.

बोट हाकायला मेव्हणा, हॉलिस टॅकर. व्हर्लनच्या बायकोचा, क्लॅरिसचा, एकुलता एक भाऊ. अर्धा जन्म दोघांनी एका बोटीत काढला. पण वरच्या जबड्याचं टोक तुटलेली एक थोराड मादी होती, तिच्या डोहावर व्हर्लन एकटाच जायचा. तीनदा धरली, तीनदा सोडली. तिला त्यानं सासूचं नाव दिलं होतं, हेट्टी. फोटो बघून हॉलिस पोट धरून हसला होता. "आमच्या म्हातारीचंच तोंड! पण लेका, डोह कुठं ते सांग की."

"मरताना सांगेन," व्हर्लन म्हणायचा.

गाराला अंडी घालायला बुडालेलं गवत लागतं. नदी कुरणात चढते असं वर्ष क्वचितच येतं. त्या वसंतात ते आलं, आणि नेमका व्हर्लन मांडीचं हाड मोडून खाटेवर! जिवाची नुसती तगमग. शेवटी त्यानं हॉलिसला जवळ बसवलं.

"हेट्टी आपल्याच कुरणात येते. खालच्या कोपऱ्यात, विलोच्या झाडांखाली. गुडघाभर पाण्यात पडून असते रे, आंधळ्याचाही बाण लागेल. तू फाटकाशी बस. धनुष्यवाला एकही आत नको."

"तू निवांत पड," हॉलिस म्हणाला. "माझ्या आईचं नाव आहे तिचं."

व्हर्लन खरंच निवांत पडला. इतका विश्वास त्यानं सख्ख्या भावावर टाकला नसता.

कुबड्या घेऊन तो पहिल्यांदा बाहेर पडला, तेव्हा आमिषाच्या दुकानासमोर ही गर्दी! लोखंडी आकड्याला एक गार उलटी टांगलेली. जबड्याचं टोक तुटलेलं. बाणाच्या भोकातून हिरवी अंडी खडीवर गळत होती. शेजारी धनुष्य घेऊन हॉलिस उभा, फोटोसाठी छाती काढून.

व्हर्लनला पाहून माणसं बाजूला झाली. तो कुबड्या टेकत आकड्याजवळ गेला.

"अंडी तरी टाकू द्यायची होतीस," तो कसंबसं म्हणाला.

"अंडी टाकली की ती डोहात जाते," हॉलिस म्हणाला. "आणि डोह तू मला कधी दाखवलास? जन्मभर मी बोट हाकली. फोटो तुझे, नाव तुझं. मी कोण? बोटवाला!"

"मागितला असतास तर गळ दिला असता तुझ्या हातात."

"डोह मागितलाच होता की."

हे व्हर्लनला जास्त झोंबलं. ती गवतात येते कुठं, हे त्यानंच तर स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. हॉलिसनं केसानं गळा कापला होता, आणि तो केस व्हर्लननंच हातात दिला होता. व्हर्लन तसाच घरी वळला.

क्लॅरिसनं तळलेला कॅटफिश आणि मक्याचा पाव मांडला होता. रविवार होता, रविवारी तिचा भाऊ जेवायला असायचाच.

"हॉलिस कुठं राहिला?" तिनं विचारलं. "गार होतंय सगळं."

व्हर्लननं कुबड्या भिंतीला टेकवल्या आणि खुर्चीत बसला. त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिचं तोंड थेट भावासारखं होतं.

"त्याचं ताट उचल," तो म्हणाला.